वारं विचारणारे अप्पा

फोन उचलला की अप्पा आधी कधी "हॅलो" म्हणायचे नाहीत. "तिकडं वारं कोणतं हाय?" असं विचारायचे. बीदरहून मी बोलत असले तरी हेच, आणि हैदराबादहून त्यांची लेक बोलत असली तरी हेच. लेकीला मुलगा झाला तेव्हा जावयानं दवाखान्यातून फोन केला. अप्पांनी ऐकून घेतलं, "लई चांगलं झालं" म्हणाले, आणि मग विचारलं, "तवा आभाळ होतं का साफ होतं?" जावयानं बघितलंच नव्हतं. दवाखान्यात कोण आभाळ बघतंय? अप्पांना ते फार दिवस लागून राहिलं होतं. "नातू कसल्या हवेत जलमला ते कुणालाच ठावं न्हाई," असं मला त्यांनी तीन वेळा तरी सांगितलं.

मी तेव्हा बीदरला एका वाईन करणाऱ्या कंपनीत फील्ड ऑफिसर होते. मूळची मी उदगीरची. शेतकीची पदवी घेतली, आणि पहिली नोकरी ही मिळाली. वडील शाळेत शिक्षक, घरात माळकरी वातावरण. म्हणून घरी मी "फळबागेच्या कंपनीत आहे" एवढंच सांगितलं होतं. खोटं काही नव्हतं त्यात. मी बागाच बघायची. कमलनगरच्या आसपासचे काही शेतकरी आमच्यासाठी वाईनची काळी द्राक्षं लावायचे, त्यांच्या बागा आठवड्यातून दोनदा फिरायच्या, औषधं सांगायची, फळ पिकलं की तोड ठरवायची. तोडलेला माल टेंपोनं बीदरवरून मन्नाएखेळ्ळीच्या पुढं हायवेला असलेल्या कारखान्यात जायचा.

अप्पांची बाग तीन एकरांची. बीदरहून बसनं कमलनगर, तिथून जीपनं फाट्यापर्यंत, आणि पुढं तांबड्या मुरमाचा माळ चढून पायी. खालची सगळी जमीन काळी, तिथं तूर आणि सोयाबीन. हा एवढाच माळ लाल. लोक म्हणायचे, अप्पांनी तो घेतला तेव्हा तिथं कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती.

पहिल्यांदा गेले तेव्हा डिसेंबर होता. सकाळी साडेसहाला जीपमधून उतरले, तर थंडीनं बोटं वाकत नव्हती. मी स्वेटर, त्यावर शाल, कानाला स्कार्फ. वर जाऊन बघते तर वेलींच्या दोन ओळींच्या मधोमध एक उंच, वाळका म्हातारा उघड्या अंगानं बसलेला. कमरेला धोतर, गळ्यात लिंग, आणि डोळे मिटलेले. मला वाटलं पूजा चाललीय. मी बाजूला उभी राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"कंपनीच्या हाव का?"

"व्हय. तुमी पूजा करायलाव का?"

"न्हाई अक्का. थंडी बघायलो." मग वेलींकडं हात करून म्हणाले, "ह्यांना स्वेटर हाय का? मी घालून बसलो तर मला काय कळतंय ह्यांना किती वाजायलंय?"

मणी काळा रंग धरेपर्यंत अप्पा स्वेटर घालत नसत. रंग पूर्ण आला की मग अव्वा, म्हणजे त्यांची बायको, पेटीतून हिरवा स्वेटर काढून द्यायच्या, आणि मग ते तो मार्च लागला तरी काढायचे नाहीत.

त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा माणूस मला "अक्का, तुमी" म्हणायचा, आणि मी त्यांना अप्पा.

अप्पा वाईन प्यायचे नाहीत. पिणं सोडा, त्यांनी ती कधी हुंगलीही नव्हती. दारूचा वासही घरात नको अशा घरातला हा माणूस तेरा वर्षं वाईनची द्राक्षं लावत होता. गावात त्यावरून चेष्टा चालायची. अप्पांना वाईट वाटायचं नाही. "वेल काय पितोय ते बघणं माझं काम. माणूस काय पितोय ते त्याच्या बायकोचं काम," असं म्हणून ते पुढं चालू लागायचे.

मग फळ कसं झालंय हे त्यांना कसं कळायचं? माझ्याकडं साखर मोजायचं यंत्र होतं. मण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि डोळ्याला लावून आकडा बघायचा. अप्पा त्याला दुर्बीण म्हणायचे. "तुमच्या दुर्बिणीत गोडी दिसती अक्का. गोडी तर उसालाबी असती." ते मणी तोंडात टाकायचे, साल वेगळी चावायचे, बी वेगळी चावायचे. बी हिरवी असली तर दातांत दबते. पिकली की भाजक्या शेंगदाण्यासारखी कटकन फुटते. आणि सगळ्यात शेवटी एक मणी चुरगाळून आपल्या धोतराच्या टोकावर घासायचे. किती गडद डाग पडतो ते उन्हात धरून बघायचे. दर वर्षी जानेवारी ते मार्च त्यांचं प्रत्येक धोतर जांभळ्या ठिपक्यांनी भरलेलं असायचं.

"ह्या माणसाला पांढरं धोतर देणं म्हणजे भिंतीला दूध पाजणं हाय," अव्वा म्हणायच्या. अव्वा ठेंगण्या, गोल, आणि बोलायला खमक्या. त्यांना बागेचं कौतुक नव्हतं. द्राक्षाला देव नाही, सण नाही, हे कसलं पीक, असं त्यांचं म्हणणं. पण अप्पांच्या अंगात ताप असला की फवारणीची टाकी त्या स्वतःच्या पाठीला लावायच्या.

आमचं पहिलं भांडण छाटणीवरून झालं. आमच्याकडं द्राक्षाची वेल वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. आणि पावसाळा सरता सरता फळासाठीची छाटणी. ही दुसरी छाटणी झाली की फूट निघते, फुलोरा येतो, आणि साडेचार-पाच महिन्यांत घड तोडायला येतात. म्हणजे परतीच्या पावसापासून फेब्रुवारीच्या उन्हापर्यंत जी हवा होते, ती सगळी त्या घडात उतरते. चांगली उतरली तर वाईन चांगली. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतो. थंडीच पडली नाही तर रंग येत नाही. शेवटी ऊन फार झालं तर आंबटपणा मरतो आणि नुसती साखर उरते.

कंपनीनं त्या वर्षी सगळ्यांना सप्टेंबरच्या अखेरीची तारीख दिली. कारखान्यात माल एका क्रमानं यावा म्हणून. सगळ्यांनी छाटलं. अप्पांनी कात्रीच हातात घेतली नाही. मी आठवडाभर वाट बघितली आणि मग गेले.

"अप्पा, छाटणी कामून केली न्हाई अजून?"

"पाऊस अजून गेला न्हाई."

"पंधरा दिवस झाले, थेंब न्हाई. आभाळ कसं लख्ख हाय बघा की."

"आभाळ साफ हाय. वारं फिरलं न्हाई अजून. मावळतीकडूनच यायलंय. उगवतीचं वारं सुटलं की मी छाटतो."

मी नवी होते. वरून साहेब विचारत होते. साहेब म्हणजे आमचे वाईन तयार करणारे मुख्य. पुण्याकडचे, मितभाषी, थोडे कडक. मी अप्पांना कंपनीची लेखी सूचना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, नीट घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि मला गुळाचा चहा पाजला. छाटणी काही केली नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस परत आला. तीन दिवस थांबला नाही. ज्यांनी वेळेवर छाटलं होतं त्यांच्या बागा नेमक्या फुलोऱ्याच्या तोंडावर होत्या. पानांवर केवडा रोग आला, कोवळे घड काळे पडून गळाले. अप्पांची बाग जुन्या पानांत गुरफटून निवांत भिजत उभी होती. पाऊस गेला, चौथ्या दिवशी उगवतीचं वारं सुटलं, आणि त्यांनी कात्री काढली.

मला वाटलं होतं ते मला ऐकवतील. मी जरा भीतभीतच गेले. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "अक्का, हवेवर रुसू नये. तिला आपण वळखूबी येत न्हाई." आणि लगेच मला घेऊन शेजारच्या बागेत गेले. कुजलेले घड कसे काढायचे आणि मोरचूद-चुन्याचं पाणी किती पातळ मारायचं ते त्या माणसाला दाखवत बसले.

त्या वर्षीची वाईन तयार झाली तेव्हा कारखान्यानं प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्याच मालाची एक-एक बाटली दिली. अप्पांची बाटली मी माळावर घेऊन गेले. घरात न्यायची सोय नव्हती. अव्वांनी उंबऱ्यातूनच "ते तिकडंच" म्हणून सांगितलं. मग आम्ही विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. अप्पांनी बाटली उजेडात धरून रंग बघितला. फार वेळ बघितला. मग माझ्या हातात दिली.

"प्या."

"मी?"

"मग कोण? मला चालत न्हाई. तुमी प्या आणि मला सांगा."

मी त्याआधी कारखान्यात एकदा-दोनदा जिभेवर घेऊन थुंकली होती, तेवढंच. माझ्या डोळ्यांपुढं वडील उभे राहिले. पण तो म्हातारा खोक्यावर बसून माझ्या तोंडाकडं असा बघत होता, की परीक्षेच्या निकालाची वाट बघणारं पोरही तसं बघणार नाही. भांडं मागायला अव्वांकडं जायची हिंमत नव्हती. माझ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात थोडी ओतली आणि घोट घेतला.

"आदी काय लागलं?"

"आंबट."

"कसलं आंबट? चिंच का लिंबू?"

"दोन्ही न्हाई. जांभळासारखं. जीभ आकसायलीय."

"ती पूस म्हैन्यातली थंडी हाय." ते जरा पुढं सरकले. "मग?"

मी परत घोट घेतला. डोळे मिटले. "मग... मधे जरा फिकं होतंय. पातळ. आणि मग पुन्हा भरून येतंय."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "ते नोव्हेंबरातलं आभाळ! नऊ दिवस ऊन न्हवतं अक्का. बंगालकडून ढग आलते, आठवतंय का? मी म्हणायलोच होतो, हे फळाच्या पोटात राहील म्हणून. आणि शेवटी?"

"शेवटी गोड न्हाई, पण गोडाच्या जवळ. लई वेळ राहायलंय तोंडात."

"राहणारच. शेवटचे बारा दिवस एक ढग आला न्हाई."

आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत असे अर्धा-पाऊण तास बसलो. मी घोट घ्यायचे, सांगायचे; ते त्या त्या आठवड्याची हवा सांगायचे. मला ते खरंच तसं लागत होतं, की अप्पांच्या बोलण्यानं लागत होतं, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. पण ती पाच महिन्यांची हवा मी स्वतः त्या माळावर अंगावर घेतलेली होती, आणि ती कुणीतरी एका घोटात मला परत दाखवली, एवढं खरं. निघताना त्यांनी मला एकटीला जाऊ दिलं नाही. अव्वांना म्हणाले, "अक्काला आज कमलनगरच्या बसपर्यंत सोडून ये. तिनं माझ्यासाठी त्रास घेतलाय." अव्वा जीपमध्ये पदर नाकाला लावून बसल्या. बस आली तेव्हा पदराच्या गाठीतून चार लवंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "चघळ माय. वास येतोय."

साहेबांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले. पण पुढच्याच महिन्यात काही काम नसताना माझ्याबरोबर जीपनं आले आणि अप्पांबरोबर दिवसभर माळावर फिरले. तेव्हापासून अप्पांच्या बागेची तोड कधी करायची हे अप्पाच ठरवायचे. हळूहळू शेजारचे चौघेही आपली तोड त्यांना विचारून करू लागले. अप्पा म्हणतील तेव्हा कात्री. मीही तेच धरून टेंपो सांगायची. माझं काम सोपं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मी माझं डोकं वापरणंही थोडं बंद केलं होतं.

तिसऱ्या वर्षी थंडी लवकर उठली. जानेवारीतच दुपारचं ऊन लागायला लागलं. फेब्रुवारीत साखर एकवीसवर येऊन अडकली. साहेबांना साडेतेवीस हवी होती. मोबाईलवर गुरुवार-शुक्रवारी पाऊस दाखवत होते; कारखान्यातून निरोप आला की बुधवारपर्यंत जे आहे ते तोडा. मी मंगळवारी सकाळी माळावर गेले. चौघे शेतकरीही तिथंच होते. अप्पांनी मणी चावला, बी बघितली, धोतरावर डाग पाडला.

"चार दिवस द्या. बी अजून कच्ची हाय."

"अप्पा, पाऊस दाखवायलेत गुरुवारी."

"वारं कोरडं हाय अक्का. ढग येतील आणि जातील. रविवारी तोडू."

मी त्या वाऱ्यात उभी राहिले. मलाही ते कोरडंच वाटलं. कारखान्याला फोन करून मी टेंपो रविवारवर ढकलले. साहेब म्हणाले, "तुमची जबाबदारी." मी हो म्हटलं.

गुरुवारी दुपारी चारला मी माळावरच होते. दक्षिणेकडून आभाळ आलं ते काळं नव्हतं, मळकट हिरवट होतं. वारा एकदम पडला. पाखरं गप्प झाली. आणि मग पहिली गार मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर पडली. बोराएवढी असेल. त्यानंतर मोजायला सवडच झाली नाही. मी आणि अव्वा मोटारीच्या खोलीत पळालो. अप्पा आले नाहीत. ते वेलींच्या ओळीत तसेच उभे होते, दोन्ही हात डोक्यावर धरून. अव्वांनी हाका मारल्या. पत्र्याच्या आवाजात त्यांची हाक त्यांनाच ऐकू येत नव्हती. शेवटी अव्वांनी कोपऱ्यातली पितळी परात उचलली, डोक्यावर उपडी घातली आणि तशाच गारांत धावत गेल्या. परातीवर गारा टणटण वाजत होत्या. नवऱ्याचा दंड धरून त्यांनी त्यांना ओढत आणलं. अप्पांच्या कपाळातून रक्त येत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात वर केला नाही.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मग लख्ख ऊन पडलं. सगळा माळ पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर फुटलेल्या मण्यांचा जांभळा रस. फार सुंदर दिसत होतं ते. मला तसं वाटलं याची अजून लाज वाटते.

अप्पा खोलीतून बाहेर आले, आपल्या बागेकडं न बघता वाटेला लागले. मी मागून पळाले. "कुठं जायलाव?"

"चौघांच्या घरी."

फुटलेला मणी दुसऱ्या दिवशी आंबतो, तिसऱ्या दिवशी सगळा घड सडवतो. चांगले घड वाचवायचे तर लगेच तोड घ्यायला हवी होती, आणि माणसं मोजकीच होती. चौघांच्याही दारात अप्पा एकच बोलले, "माझं ऐकून थांबलाव. आदी तुमचं काढू." एक जण रडत होता. एक जण अप्पांवर ओरडला, वाईट बोलला. अप्पा खाली मान घालून ऐकत उभे राहिले आणि तो थांबल्यावर म्हणाले, "कात्र्या किती हायत तुझ्याकडं?"

शुक्रवार उजाडायच्या आधी तोड सुरू झाली. मीही कात्री घेतली होती. फुटका मणी टिचकीनं काढायचा, धड घड क्रेटमध्ये. मधमाश्या इतक्या आल्या होत्या की हातांवर बसत होत्या. चौघांच्या बागा व्हायला दोन दिवस लागले. अप्पांची बाग आम्ही रविवारी तोडली. त्यातला निम्म्याहून जास्त माल तोवर सडला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं खड्ड्यात टाकला.

सोमवारी मी बीदरच्या ऑफिसात गेले तर बाहेरच्या बाकावर अप्पा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, कपाळावर पट्टी. पहाटेची बस धरून आले होते. साहेब यायचे होते. मला बघून त्यांनी बाकावर सरकून जागा केली. साहेब आले तेव्हा उठून उभे राहिले.

"साहेब, कागदावर हिचं नाव घेऊ नका. मी म्हणलो म्हणून ती थांबली. चूक माझी हाय."

मला राग आला. खरंच आला. "अप्पा, टेंपो मी थांबवले. ठरवलं मी. तुमी मधे कामून यायलाव?"

ते माझ्याकडं वळले. "तुमची नौकरी हाय अक्का. माझी माती हाय, ती कुठं जातीय?"

साहेबांनी दोघांनाही आत बोलावून चहा दिला. मला समज मिळाली, नोकरी राहिली. वाचलेल्या मालाची वाईन झाली ती साधीच. त्या वर्षी बाटल्या वाटल्या नाहीत, आणि अप्पांनी मला चव विचारली नाही.

त्यानंतर अप्पा बदलले. बागेत राबणं तेच, उघड्या अंगानं थंडीत बसणं तेच. गारांनी ज्या काड्या सोलल्या होत्या त्यांना ते पोरांच्या जखमांसारखं जपत होते. पण हवेबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं. कुणी विचारायला आलं की म्हणायचे, "अक्काला विचारा." पुढच्या हंगामात छाटणीची तारीख मी दिली, त्यांनी त्या दिवशी छाटलं. मी चिडवून बघितलं, "अप्पा, वारं कसंय?" ते म्हणायचे, "हाय की." अव्वांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना बोलतं कर गं. घरात बसवत न्हाई." मला काही ते जमलं नाही.

तोड जवळ आली. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. साखर बावीसच्या वर गेली होती. चौघे माझ्याकडं बघत होते, अप्पाही. आभाळात सकाळपासून पांढरे पुंजके जमत होते आणि मोबाईलवर रविवारपासून ढगाळ हवामान दाखवत होते. मागच्या वर्षीचा पत्र्याचा आवाज माझ्या कानात होता.

"सोमवारी तोडू," मी म्हटलं.

अप्पांनी एक मणी तोंडात टाकला. साल चावली. बी तळहातावर काढली आणि नखानं दाबली. मी जवळच उभी होते, मला दिसलं. बी दबली. टोक अजून हिरवं होतं. त्यांनी एकदा वर आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "काय अप्पा?"

"काय न्हाई. सोमवारी क्रेट लवकर पाठवा."

सोमवारी आम्ही तोडलं. सगळा माल, पाचही बागांचा, निर्मळ, एक मणी फुटलेला नाही. टेंपो गेले तेव्हा मला हलकं वाटलं.

मंगळवारी ढग विरले. बुधवारी आभाळ धुतल्यासारखं निळं. गुरुवारी पहाटे अशी थंडी पडली की बीदरच्या माझ्या खोलीत मी पुन्हा रजई काढली. दिवसा कडक ऊन, पहाटे गारवा, कोरडं वारं. फळाला शेवटच्या दिवसांत जे जे हवं असतं ते सगळं एका ओळीनं आलं, आणि वेलींवर घडच नव्हते. कारखान्यातून साहेबांचा फोन आला, "एक आठवडा थांबायला हवं होतं." ते रागानं बोलले नाहीत. म्हणून जास्त लागलं.

शुक्रवारी मी माळावर गेले. काम काही नव्हतं. बोलायचं होतं. मी ती बी दबताना पाहिली होती, आणि तरी विचारलं नाही, हे सांगायचं होतं. आणि तुमी कामून बोलला न्हाई, हेही विचारायचं होतं.

अप्पा बागेत नव्हते. घरापुढच्या सारवलेल्या अंगणात अव्वांनी डाळीसाठी भिजवलेली तूर पसरली होती आणि अप्पा धोतर खोचून तिच्यातून पाय ओढत चालत होते, म्हणजे दाणे उलटेपालटे होऊन सगळीकडून वाळतात. मला बघून थांबले. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले, तोंडात शब्द जमवत. उन्हानं डोळे दिपत होते. एक ढग नव्हता.

अप्पांनी ते आभाळ बघितलं, माझं तोंड बघितलं.

"बरं ऊन पडलंय अक्का," ते म्हणाले, "अव्वाच्या तुरीला पायजेच होतं." आणि पायाखालची तूर पुन्हा फिरवू लागले.

मी चपला काढल्या आणि दुसऱ्या टोकापासून पाय ओढत निघाले.